मनगटावर पाय

दिवाळी उलटली की पेठ नाक्यावर सकाळी सातच्या आत पिकअप गाड्या उभ्या राहतात. बायका चाकावर पाय देऊन वर चढतात, डबे आत सरकवतात, मागून येणारीला हात देतात. त्यांच्या पिशव्यांच्या बंदांना छोट्या कात्र्या अडकवलेल्या असतात. बारीक टोकांच्या, मधे स्प्रिंग असलेल्या. द्राक्षाच्या घडातले जादा मणी काढायला त्या लागतात. सरकारी पत्रकात या कामाला विरळणी म्हणतात. बागेत थिनिंग म्हणतात. एका बागेत ते दोन आठवडे चालतं, फार तर तीन. त्या दिवसांत नाशिकच्या वर्तमानपत्रांत भावाच्या, निर्यातीच्या आणि अवकाळीच्या बातम्या असतात. थिनिंगची बातमी माझ्या टेबलावर कधी आली नाही. मीही कधी मागवली नाही.

यंदा मी त्या नाक्यावर रिक्षात बसून होते. उजव्या मनगटावर पट्टा होता. आदल्याच दिवशी इंदिरानगरमधल्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीने तो बांधून दिला होता. तिने माझा अंगठा मुठीत घालायला लावला आणि मूठ खाली वाकवली. कळ कोपरापर्यंत गेली.

"काम काय करता मॅडम?"

"बातम्या तपासते."

"म्हणजे दिवसभर माउस." तिने कागदावर काहीतरी लिहिलं. "दर वीस मिनिटांनी हात खाली ठेवायचा. पाच मिनिटं काही करायचं नाही. जमेल ना?"

जमेल, म्हटलं. त्यासाठी मला कुणाची परवानगी घ्यावी लागणार नव्हती.

तिच्या टेबलावर पाय मोकळे सोडून बसले असताना माझं लक्ष माझ्याच तळव्यांकडे गेलं. बारा वर्षांपूर्वीच्या एका हंगामात या पायांना काम लागलं होतं. त्या हंगामाबद्दल मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

माझ्या सासरची बाग पेठ रस्त्यावरून आत आहे. तीन एकर, सगळी मांडवावर. मांडव म्हणजे डोक्याच्या थोडं वर तारांचं जाळं, त्यावर वेल पसरलेले आणि घड खाली लोंबणारे. बघायला छान असतं. काम करणारीला हात सतत खांद्याच्या वर आणि मान सतत मागे धरावी लागते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांनी घडात मणी धरतात. बाजरीएवढे असतात तेव्हा काम सुरू करायचं आणि ज्वारीच्या पुढे जायच्या आत संपवायचं. उशीर झाला की मणी एकमेकांना भिडतात आणि मग आत कात्रीचं टोकच शिरत नाही. घड डाव्या हातात हलका धरायचा, मधल्या पाकळ्या, म्हणजे घडाला फुटलेल्या छोट्या फांद्या, काढायच्या, मग उरलेल्या पाकळ्यांतले मणी एकाआड एक. मी एकदा एका घडापाशी उभी राहून मोजलं. छत्तीस वेळा कात्री मिटली. एका वेलीवर असे तीस-चाळीस घड आणि एका ओळीत किती वेली ते मी मोजलं नाही.

एकट्या कात्रीचा आवाज ऐकू येत नाही. बारा जणी एका ओळीत लागल्या की उन्हात वाळलेल्या शेंगा तडकाव्यात तसा आवाज पूर्ण बागेत भरून राहतो. बायकांच्या केसांत, पोलक्यांत, कपाळावरच्या घामात हिरवे मणी अडकलेले असतात. पानांवर बोर्डोच्या फवारणीचे निळे डाग असतात आणि संध्याकाळी ते बोटांवर उतरलेले असतात. कापलेल्या कोवळ्या देठांना एक तुरट वास असतो. तो वास आला की मला अजून तहान लागते. का, ते सांगता येत नाही.

त्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. माझे पती नाशिक रोडला नोकरीला, त्यांना रजा नव्हती. माझ्याकडे रविवारच्या पुरवणीचं काम होतं आणि ती पुरवणी नुकतीच चारावरून दोन पानांवर आली होती, त्यामुळे मला सहज रजा मिळाली. मी बागेत राहायला गेले. लग्नाला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, माझ्या कुठल्याही गोष्टीचं कौतुक केलेलं मला आठवत नाही. वाईटही बोलले नव्हते. सून पेपरात आहे, हे ते सून आजारी असते म्हणावं तशा आवाजात सांगत.

थिनिंग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी अण्णांच्या पाठीत उसण भरली. औषधाचा ड्रम सरकवताना वाकले ते वाकलेलेच राहिले. ओट्यावर पालथे पडले आणि मला हाक मारली.

"सूनबाई, तू पायाळू हायेस ना?"

पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेलं माणूस. उसण भरलेल्या पाठीवर अशा माणसाने पाय लावला की उसण जाते, असं आपल्याकडे मानतात. मी पायाळू नाही. माझा जन्म डोक्याकडूनच झाला, आईने तो मला पुष्कळदा वर्णन करून सांगितला आहे.

"कोण म्हणालं?"

"तुझ्या आत्याबाई. हळदीच्या दिवशी."

मग माझ्या लक्षात आलं. आत्या त्या दिवशी भेटेल त्याला सांगत होती, पोरगी पायगुणाची आहे, घरात पाऊल टाकेल आणि भरभराट होईल. मांडवात बँडवाले सराव करत होते. अण्णांना एका कानाने कमी ऐकू येतं. पायगुणाची ते पायाळू असा तो प्रवास होता. अशा चुका दुरुस्त करणं हेच माझं नोकरीतलं काम. आडनाव चुकलं, कार्यक्रमाचा वार चुकला, मृताच्या जागी जखमीचं नाव गेलं, की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर तळाला चौकट टाकायची, वर लिहायचं 'खुलासा'. खुलासा तीन ओळींचा असतो.

मी त्या तीन ओळी बोलले नाही. चप्पल काढली आणि अण्णांच्या पाठीवर पाय ठेवला. तीनदा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ताठ उभे राहिले. उसण बहुधा एका रात्रीत आपोआप सुटते. पण अण्णांनी चहा घेताना सासूबाईंना सांगितलं, "सूनबाईच्या पायाला गुण हाये." त्या घरात माझा काही उपयोग आहे, असं पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं. मी भाकरी थापत राहिले.

बायका पेठच्या पलीकडून आल्या होत्या. बारा जणी, हंगामभर बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायच्या. काम उक्तं घेतलेलं, सगळ्या मिळून बाग संपवायची. त्यांची पुढारीण यमुनाबाई. वय चाळिशीच्या आसपास असेल, तिला नक्की माहीत नव्हतं. तिच्याएवढा चलाख हात त्या बारा जणींत दुसरा नव्हता. इतर जणी घडाकडे बघून कापायच्या, यमुनाबाई बोलणाऱ्याकडे बघून कापायची. तिच्या शेजारून चालत गेलं की अंगावर मण्यांचा पाऊस पडायचा.

चौथ्या दिवशी मी पाणी घेऊन गेले तेव्हा ती कात्री काखेत धरून उजवं मनगट डाव्या हाताने दाबत उभी होती.

"काय झालं?"

"करकरतंय."

"दुखतंय?"

"दुखायचं तं रोजचं हाय, वहिनी. आता आवाज बी करतंय. ऐका." तिने हात माझ्या कानाजवळ आणला आणि अंगठा हलवला. मला काही ऐकू आलं नाही, तसं सांगितलं. तिला वाटलं मी खोटं बोलते.

ते अण्णांनी पाहिलं. उसण सुटल्याचा आनंद त्यांच्या अंगात अजून होता. "अगं, मग सूनबाईचा पाय लावून घे ना," ते म्हणाले. हा उपाय पाठीचा. मनगटावर पायाळूचा पाय लावलेला त्या गावात कुणी पाहिला नव्हता. अण्णांनी तो त्या क्षणी मनगटापर्यंत आणला आणि कुणी हरकत घेतली नाही.

यमुनाबाईने बारदान अंथरलं, त्यावर हात पालथा ठेवला. मी पाय धुऊन आले होते, एवढं आठवतं. पाय ठेवला आणि तेव्हा मला करकर कळली. कानाला न कळलेली गोष्ट तळपायाला कळली. पाचोळ्यावर पाय पडावा तशी, पण कातडीच्या आत.

पाय काढल्यावर यमुनाबाई उठली नाही. अण्णा म्हणाले, "झालं ना?"

"झालं. पण आता हात हलवायचा नाय," ती म्हणाली. "आमच्यात असंच हाय. पायाळूचा पाय लागला का जेवढ्या जणी असतील तेवढ्यांचं उरकेस्तोवर पयलीनं बी हात हलवायचा नाय. हलवला का गुण गेला."

"जेवढ्या जणी म्हणजे?"

यमुनाबाईने मागे पाहिलं. आणखी तिघी कात्र्या ठेवून आल्या होत्या. मग उरलेल्या आठ आल्या.

त्या दिवसापासून रोज दुपारी तीनला पाय लावायचा कार्यक्रम सुरू झाला. बारा जणी बांधाच्या कडेला ओळीने बसत, प्रत्येकीचा उजवा हात समोर बारदानावर. मी एका टोकाकडून निघे. प्रत्येकीच्या मनगटावर तीनदा पाय, मधे थोडं थांबायचं, कारण घाई केली की गुण येत नाही, हेही यमुनाबाईनेच सांगितलं होतं. सगळ्यांचं उरकायला पाऊण तास लागे. अण्णा विहिरीच्या काठावर बसून घड्याळ बघत, पण काही बोलत नसत. औषधाला वेळ लागतो, हे त्यांना मान्य होतं.

त्यांच्यातली ठकी नावाची सगळ्यांत तोंडाळ बाई रोज काहीतरी काढायची. "वहिनी, शनिवारी आमचा नवरा येनार हाय. त्याच्या पाठीवर बी द्या एक. पाय नको, लाथ द्या." सगळ्या हसत, हात न हलवता. हसताना बारा हात बारदानावर तसेच पडून असत, जणू ते त्यांचे नव्हतेच. पाय काढला की काही जणी डाव्या हाताने माझ्या पावलाला हात लावून कपाळाला लावत. पहिल्या दिवशी मी पाय मागे घेतला. तिसऱ्या दिवशी घेतला नाही.

त्याआधीच्याच महिन्यात मी पुरवणीत मनगटदुखीवर एक लेख लावला होता. एका डॉक्टरांनी पाठवलेला, मी तो निम्मा केला होता, त्यामुळे तो मला जवळजवळ पाठ होता. एकच हालचाल पुन्हा पुन्हा केल्याने अंगठ्याच्या मुळाशी सूज येते. पहिला उपाय विश्रांती. दुखणाऱ्या जागी गार पट्टी. मनगट सरळ राहील असा आधार बांधावा. वस्तू हातून निसटू लागली, चिमूट धरता येईना, तर काम ताबडतोब थांबवावं. सोबत कीबोर्डवर ठेवलेल्या गोऱ्या हातांचा फोटो होता. तो मीच निवडला होता.

तेव्हा अज्ञान म्हणून मला सुटता येत नाही. मला काय करायला हवं ते माहीत होतं आणि मी पाय ठेवत होते.

अगदीच काही केलं नाही असंही नाही. माठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं यमुनाबाईच्या मनगटाला गुंडाळलं. खोक्याचा पुठ्ठा कापून, जुन्या साडीची पट्टी लावून आधार बांधून दिला. ती तो घालून एक ओळ चालली आणि परत आली. पट्टी दातांनी सोडली.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "यानं हात उगी ऱ्हातो. पन मग कात्री बी उगी ऱ्हाते."

तिला त्या हाताची काळजी नव्हती असं नाही. पाय लावायच्या ओळीत ती माझ्याशी बोलायची. थिनिंग संपलं की डिपिंग, म्हणजे एकेक घड औषधात बुडवायचा, मग माल निघेल तेव्हा कापणी, पावसाळ्यात घोटीकडे भाताची आवणी, मग सोंगणी. प्रत्येक कामाला हाच अंगठा. घरी नवरा झाडावरून पडून बसलेला, मुलाचं लग्न ठरलेलं. "या हाताला काय झालं ना वहिनी, तं मंग मी निस्ती बसून खानारी," ती म्हणाली. एवढंच.

आठव्या दिवशी अवकाळीने झोडपलं. दुपारीच अंधारून आलं, विजा कडाडायला लागल्या. मी अंगणात तारेवरचे कपडे काढत होते, मग मांडवाखाली जाऊन कात्र्या गोळा केल्या, मग परत अंगणात. बायका शेडच्या दारातून माझ्याकडे बघत होत्या. त्या का बघत होत्या ते मला तेव्हा कळलं नाही.

पावसाने दोन दिवस गेले आणि अण्णा घाईला आले. मणी फुगत होते, पश्चिमेकडचे दोन प्लॉट बाकी होते. दहाव्या दिवशी सकाळी यमुनाबाईच्या हातून चहाचा कप पडला. स्टीलचा होता, फुटला नाही. तिने उचलायला हात घातला आणि अंगठा वाकलाच नाही. कप दोन बोटांच्या मधून पुन्हा घरंगळला. मग ठकीने उचलला.

वस्तू हातून निसटू लागली तर काम ताबडतोब थांबवावं. हे वाक्य मी संपादित केलं होतं. मूळ लेखात 'शक्यतो' होतं, 'ताबडतोब' मी केलं होतं.

दुपारी तीनला बारा जणी ओळीने बसल्या. अण्णा विहिरीच्या काठावर होते. मी पाय न धुता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अण्णा, यमुनाबाईंना चार दिवस कात्री धरू देऊ नका. त्यांचा हात जाईल."

"मग तू पाय कशाला लावतेस? लाव की नीट."

"पायाने काही होत नाही. मी पायाळू नाही."

"म्हणजे?"

"आत्या पायगुणाची म्हणाली होती. तुम्ही पायाळू ऐकलंत. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

मी हे मोठ्याने बोलले. सगळ्यांना ऐकू जावं म्हणूनच. बोलताना मला हलकं वाटलं, हेही नोंदवायला हवं. खुलासा छापून आला की ज्याची चूक असते त्याला बरं वाटतं, ज्याच्याबद्दल ती असते त्याला फारसा फरक पडत नाही. असं मी तोवर समजत होते.

अण्णा रागावले नाहीत. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले. मग त्यांची नजर माझ्यावरून बांधाकडे गेली. तिथे बारा बायका उन्हात बारदानावर हात ठेवून बसल्या होत्या.

"मग या बसल्यात कशाला?"

अण्णा विहिरीच्या काठावरून उठले.

"उठा गं. लय काम बाकी हाये."

ठकी पहिली उठली. बारदानाची घडी यमुनाबाईने घातली, डाव्या हाताने आणि गुडघ्याने. दोन मिनिटांत शेंगा तडकल्याचा आवाज सुरू झाला.

संध्याकाळी ती टाकीवर हात धुवायला आली तेव्हा मी तिथे भांडी घासत होते. तिने हात पाण्यात धरला आणि तसाच राहू दिला.

"वहिनी, तुम्हाला कुनी इचारलं व्हतं का?"

"काय?"

"पायाळू हाय का नाय ते."

"नाही."

"मंग?"

"खरं सांगावं असं वाटलं."

"खरं आमाला ठावं व्हतं." तिचा आवाज चढला नव्हता. "पायाळू मानूस इजेला भितं. इजा चमकल्या का घराच्या बाहेर पाय टाकत नाय, त्याच्यावर पडते म्हनून. तुमी त्या दिशी तारांखालनं फिरत व्हत्या. पयल्यापून वाटायचं, त्या दिशी पक्कं झालं."

"मग रोज का बसत होतात?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मूर्ख माणसाकडे पाहतात तसं नाही, त्या बघण्यात निदान थोडी माया असते.

"बसाया मिळत व्हतं," ती म्हणाली.

"आणि ते हात हलवायचा नाही? सगळ्यांचं उरकेपर्यंत?"

"तसं काय नसतं आमच्यात. ते मी काढलं." हात पाण्यातून बाहेर काढून तिने पदराला पुसला. "पाऊन घंटा व्हता. रोजचा. तेवढ्यावर रेटत व्हते मी."

त्याच रात्री जेवताना मी अण्णांना म्हटलं, पायाचं जाऊ द्या, दुपारी त्यांना पाऊण तास बसू द्या. अण्णांनी घास थांबवला. ते निर्दय नव्हते आणि मी त्यांना तसं रंगवलं तर ती आणखी एक चूक होईल. ते खरोखर विचार करत होते. "बसू देतो," ते म्हणाले. "पण काय म्हणून बसू देऊ? शेजारचा बघतो ना. आधी म्हणायला काहीतरी होतं." मग दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मोटारसायकलवर जाऊन दुखण्याच्या गोळ्या आणल्या, बारा जणींना पुरतील एवढ्या. मला कधीकधी वाटतं, पायाचं खोटं त्यांनाही बरं पडत होतं. बायकांना बसू द्यायची त्यांचीही इच्छा असेल आणि त्यासाठी त्यांना एक कारण सापडलं होतं. ते मी काढून घेतलं. याचा पुरावा माझ्याकडे नाही.

गोळ्यांनी दुखणं थांबलं. दुखणं थांबल्यामुळे हात थांबला नाही. पुढचे सहा दिवस यमुनाबाईने गोळी घेऊन काम केलं. अंगठा कात्रीच्या कडीत शिरेना, तेव्हा तिने कडीत बोट घातलं आणि तळव्याने दाबून कापायला लागली. तिचे घड ओबडधोबड दिसायला लागले. ठकी मागून येऊन ते नीट करायची. तिच्या ओळी आता सगळ्यांत मागे असत. शेवटच्या दिवशी ती कात्री घेऊन उभी होती फक्त, कापत नव्हती. अण्णा त्या ओळीकडे गेलेच नाहीत. बाग वेळेत संपली.

जायच्या वेळी मी तिला सिव्हिल हॉस्पिटलचा पत्ता लिहून दिला, कुठल्या खिडकीवर केसपेपर काढायचा तेही लिहिलं. तिने कागद डाव्या हाताने घेतला आणि पोलक्यात खोचला. ती गेली का नाही ते मला कळलं नाही. मी विचारायला गेले नाही.

रजा संपवून मी ऑफिसला परतले. त्या आठवड्यात चुकलेल्या आडनावांचे दोन खुलासे लावले. बागेतली गोष्ट बातमी म्हणून लिहायचा विचार दोन-तीनदा केला. पहिल्या ओळीत काय घ्यायचं ते ठरेना. कुणी कुणावर अन्याय केला, हे पहिल्या ओळीत यावं लागतं. मी ज्या ज्या प्रकारे लिहून पाहिलं, त्या प्रत्येकात एक सून खरं बोलते आणि ते चांगलं दिसतं.

पुढच्या वर्षी थिनिंगला मी एका रविवारी बागेत गेले. अकरा जणी त्याच होत्या. बारावी नवी, विशीच्या आतबाहेरची, हातात हिरवा चुडा. यमुनाबाईची सून, सविता. सासूच्या जागेवर तिला आणलं होतं. ठकीने माझ्याकडे पाहून मान हलवली, पण काही काढलं नाही. मी पाण्याची कळशी घेऊन सवितापाशी गेले.

"यमुनाबाई कशा आहेत?"

"बऱ्या हायती."

"हात?"

"हात हाय." तिने घड फिरवून घेतला. "काम नाय व्हत."

चुडा मनगटावरून मागे सरकला तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी मला सूज दिसली. अजून हंगामाचा पाचवाच दिवस होता. मी विचारलं, दुखतंय का. तिने नाही म्हटलं. मी पुन्हा विचारलं, करकरतंय का, कधीपासून. तिने कात्री मिटली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. नजरेत राग नव्हता, ती घरून सांगून पाठवलेलं आठवत होती.

"सासूबाईंनी सांगलं हाय," ती म्हणाली, "वहिनीला काय बी सांगायचं नाय."

मग तिने चुडा पुढे ओढून सूज झाकली आणि पुढच्या घडाला हात घातला.